अल्पशा आजाराने

नगरमधल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातल्या पाच विद्यार्थ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्यातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आत्महत्येने गेला. रविवारच्या उपासनेत ‘अल्पशा आजाराने प्रभूत निजला’ एवढेच वाचून दाखवले गेले आणि त्यानंतर मंडळीत तो विषय कोणी काढलेला नाही. पाचांपैकी तिघे मास कम्युनिकेशन शिकतात. त्यांना यावर वीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे. पटकथेचा पहिला खर्डा तयार आहे, पण पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणतात मंडळीची बदनामी होईल. लघुपट करावा का, आणि केला तर कसा?

सलाम मुलांनो,

खर्डा दोनदा वाचला. मी तीस वर्षे पुण्यात संकलनाच्या टेबलावर काढली, त्यातली बरीचशी माहितीपटांवर. माझे बालपण नगरच्याच एका मिशन कंपाउंडात गेले. त्यामुळे तुमच्या पत्रातले पाळक, मंडळीचा कारभार पाहणारी पंचकमिटी, महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई सगळे ओळखीचे वाटले. स्पष्टच सांगते: लघुपट करा, पण हा खर्डा कपाटात टाका.

खर्ड्यात पहिल्याच दृश्याला पाऊस आहे, शवपेटी आहे, चिठ्ठी आहे आणि पुलपिटावरून गरजणारा पाळक आहे. चारही गोष्टी तुम्ही इतर सिनेमांतून उचलल्या आहेत, त्यातली एकही तुमच्या मंडळीतली नाही. तुमच्या मंडळीतली गोष्ट पत्रात एका ओळीत येऊन गेली आणि पटकथेत ती कुठेच सापडत नाही. ती म्हणजे ‘अल्पशा आजाराने’.

ती ओळ कोणी लिहिली असेल? शनिवारी रात्री जाहिरातींच्या, म्हणजे उपासनेत वाचायच्या सूचनांच्या, वहीत सेक्रेटरीने आधी काय लिहिले आणि काय खोडले? वाचताना पाळकांनी मान वर केली का? त्या दिवशी आई बाकावर होती की घरी? ऐकणाऱ्या दीडशे माणसांपैकी किती जणांना खरे ठाऊक होते? तुम्हीच लिहिले आहे, सगळ्यांना. म्हणजे दीडशे माणसांनी एकाच क्षणी, एकमेकांना न विचारता, एक खोटे वाक्य सांभाळून घेतले. आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. चार बायकांच्या नजरेपासून त्या आईला वाचवावे, एवढाच हेतू असणार. त्याच वाक्यामुळे ती आई दोन वर्षे एकटी पडली, कारण अल्पशा आजाराने गेलेल्या मुलाविषयी तिने कोणाशी काय बोलायचे? ‘कसला आजार होता?’ असे कोणी विचारत नाही. विचारले तर दोघांनाही खोटे बोलावे लागेल.

लघुपट या वाक्याचा करा. मुलाच्या शेवटच्या दिवसाचा करू नका. त्या रविवारपासून सुरू करा आणि ती वही हातोहात कुठे कुठे जाते ते दाखवा. यात खलनायक लागत नाही. मंडळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका आणि तिची वकिलीही करू नका.

तुमच्यातल्या एकीने विचारले आहे की ‘आपल्यात अशांचे दफन करत नाहीत’ हे खरे का. हे नीट समजून घ्या, कारण पटकथेतल्या पाळकाच्या तोंडी तुम्ही हेच घातले आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या आरंभीच सूचना आहे की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि ज्यांनी स्वतःवर हात टाकला आहे अशांसाठी हा विधी वापरू नये. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनेही जाणूनबुजून जीव घेणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम राहिले नाही. पुढे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने तर म्हटले की गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. वसईच्या कॅथलिकांत कोणी असा लघुपट करत असेल तर पाळकांशी बोलताना हा परिच्छेद खिशात ठेवावा.

तुमची मंडळी मात्र जुन्या अमेरिकन मराठी मिशनची आहे. ते मिशनरी नगरला आले १८३१ साली, आणि ते काही इंग्लंडच्या चर्चचे नव्हते. त्यांच्या मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. म्हणजे १६६२ ची ती सूचना आपल्या पणजोबांच्या पुस्तकातली नव्हतीच. नियम आपला नव्हता, तरी त्याची भीती मात्र आपल्याकडे व्यवस्थित पोचली. तुमच्याकडे दफन झाले, प्रार्थना झाली, गीतेही झाली, फक्त कारण बदलले. म्हणून तुमचा गरजणारा पाळक खोटा वाटतो. खऱ्या पाळकांनी दफन नाकारले नाही. त्यांनी मुलाला कबर दिली आणि कारण गिळले. त्या माणसाच्या पोटात आज काय चालले असेल, हा विचार गर्जनेपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

आता बोलण्याविषयी. आपल्या मंडळ्यांची या विषयावरची एक स्वतंत्र भाषा आहे आणि ती तुमच्या संवादांत अजून आलेली नाही. बुधवारच्या घरप्रार्थनेला प्रार्थनाविषय सांगताना लोक शुगर सांगतात, गुडघे सांगतात, कोर्टातली जमिनीची केस सांगतात, मुलाचा व्हिसासुद्धा सांगतात. नैराश्य मात्र ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणून येते, नाहीतर ‘झोप नीट लागत नाही, आठवण ठेवा’ म्हणून. ऐकणाऱ्या बायकांना कळते. त्या मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे जातात. तुमच्या पात्रांना ‘मला डिप्रेशन आहे आई, मला समजून घ्या’ असे बोलायला लावू नका. अशक्तपणा म्हणू द्या. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ लागेल, आणि ज्याला लागेल तो त्या क्षणी पकडला जाईल.

मृत्यूविषयीही तेच. बातम्यांत म्हणतात ‘आत्महत्या केली’, आणि त्या शब्दात हत्या आहे, म्हणजे बोलता बोलता आरोप झालाच. खेड्यातली माणसे म्हणतात ‘जीव दिला’. पण आपल्या कानांना हे शब्द वेगळेच लागतात, कारण लहानपणापासून आपण ‘त्याने आपला जीव दिला’ हे फक्त क्रूसाविषयी ऐकलेले असते. एखाद्या आजीच्या तोंडी हे आले आणि ती स्वतःच मध्ये थांबली, तर तो थांबा तुमच्या सगळ्या संवादांपेक्षा मोठा होईल. घरातली माणसे प्रत्यक्षात म्हणतात ते ‘त्यानं स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेतलं’. तुमच्या स्वतःच्या आवाजात, म्हणजे पाट्यांवर, निवेदनात, पत्रकात, ‘आत्महत्येने मृत्यू’ वापरा. पात्रांना त्यांच्या भाषेत बोलू द्या.

परवानगीचा प्रश्न तुम्ही पाळकांपासून सुरू केला आहे. क्रम चुकला. पहिली परवानगी आईची. ती नाही म्हणाली तर या मुलाच्या गोष्टीवर लघुपट नाही, विषय संपला. मग दुसरी गोष्ट रचा. ती हो म्हणाली तरी या मुलाची ओळख पटेल असे काही पडद्यावर येता कामा नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. विद्यार्थी असताना आम्ही दारूने मोडलेल्या एका घरावर पंधरा मिनिटांची फिल्म केली होती. मंडळीतलेच घर होते. नाव बदलले, गाव बदलले, नवऱ्याचा रेल्वेतला धंदा बदलून गिरणीतला केला. फार काळजी घेतली असे वाटत होते. फक्त घरातली पेटी तशीच ठेवली, दोन सूर तुटलेली, कारण मला तो आवाज आवडला होता. फिल्म मंडळीच्या हॉलमध्ये दाखवली. नवरा पडद्यावर आला तेव्हा कोणाला काही कळले नाही. पेटीचा तो मुका सूर वाजला आणि मागच्या तीन बाकांवरून माना वळल्या. ती बाई तिथेच बसली होती. पुढे ती दुसऱ्या मंडळीत जाऊ लागली. माझ्याशी कधी वाईट वागली नाही, त्यामुळे जास्त लागले. तेव्हापासून मी ओळख लपवायची म्हटली की नाव-गाव शेवटी बघते. आधी त्या घरातली एकच एक अशी वस्तू कोणती ते शोधते आणि ती बाहेर काढते, कितीही सुंदर असली तरी. तुमच्या खर्ड्यात निळे हेल्मेट चार वेळा आले आहे. ते त्याचे होते का? असेल तर काढा.

आईकडे जाताना कॅमेरा नेऊ नका, पटकथा नेऊ नका, पाच जणांनी मिळून जाऊ नका. दोघे जा, त्यातली एक मुलगी असू द्या. पहिल्या भेटीत लघुपटाचा विषय काढू नका. दोन वर्षांत त्याच्याविषयी बोलायला कोणी आले नसेल, तर त्या बोलतील, आणि खूप बोलतील. ते सगळे साहित्य म्हणून बघू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारा. लेखी संमती घ्या, पण त्या कागदात हेही लिहा की संकलन झाल्यावर त्या पाहतील आणि नको म्हणाल्या तर चित्रफीत बाहेर जाणार नाही. तुमच्या प्राध्यापकांना हे वेडेपणाचे वाटेल. वाटू द्या.

कायद्याचे थोडक्यात, कारण घरच्यांच्या मनात ती भीती असतेच. कित्येक घरांत खरे कारण दडवण्यामागे धर्म कमी आणि ‘पोलीस केस’ जास्त असते. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाविषयी मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ म्हणतो की अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे काम आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम सरसकट स्वरूपात राहिलेलेही नाही. हे तुमच्या लघुपटात एखाद्या नर्सच्या एका वाक्यात येऊ शकते. मात्र बदनामीच्या कलमाला मृत माणूसही अपवाद नाही. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने त्याच्याविषयी काही प्रसिद्ध केले तर तक्रार होऊ शकते. संमतीचा कागद त्यासाठीही हवा.

पाळकसाहेबांकडे दुसऱ्यांदा जा, आणि या वेळी परवानगी मागायला जाऊ नका. त्यांनाच विचारायला जा: ते वाक्य वाचताना तुम्हाला काय वाटले? उत्तर मिळेल की नाही ठाऊक नाही. पण त्यांची बाजू समजून घ्या. पाळकनिवास मंडळीचा असतो, पगार मंडळीच्या हातात असतो, तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. त्या घरात रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालू होता, हेही शेजारच्या, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माहीत असते. असा माणूस स्वतःला झोप लागत नाही हे कोणाला सांगणार? मंडळीला पाळक असतो, पाळकाला पाळक नसतो. पंचकमिटीपुढे ‘आमचे पाळक गोळ्या घेतात’ हे वाक्य कसे ऐकू येईल याची कल्पना करा, म्हणजे बदनामी हा शब्द ते इतक्या लवकर का वापरतात ते कळेल. तुमच्या लघुपटातल्या पाळकाला मी एकच दृश्य देईन: रात्री, स्वयंपाकघरात, वही उघडी, पेन हातात, आणि बायको विचारते, ‘काय लिहिताय?’ बस.

सिनेमा हे आपले काम नव्हे असेही ते म्हणाले म्हणता. हसू आले. दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचे वेड लागले ते मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून. येशू पडद्यावर चालत होता आणि त्यांना तिथे कृष्ण दिसू लागला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे बीज त्यातच आहे. आणि नगरचे ख्रिस्ती कीर्तन तरी काय होते? एका हातात चिपळ्या, एका हातात बायबल, आणि आख्यान. पाळकांना हे सांगताना जिंकल्याचा आव आणू नका, चहा पिता पिता सांगा.

घरातले उघडे बोलल्याने ख्रिस्ती नावाला बट्टा लागतो, या म्हणण्यालाही आपल्याच परंपरेत उत्तर आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि पुढची काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या काळातले हाल, टिळकांचा तापट स्वभाव, घरातला पैशांचा खडखडाट, स्वतःचे सोवळे, यातले काहीही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त झाकले नाही. पहिला भाग १९३४ ला आला. टिळक त्यामुळे लहान झाले का? आजही रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांचीच गीते म्हणतो आपण. तुमच्या लघुपटाचा सूर शोधायचा असेल तर ते पुस्तक पुन्हा वाचा, आणि लक्ष्मीबाई कुठे हसतात ते बघा. तुमच्या खर्ड्यात कोणी एकदाही हसत नाही. ज्या घरात मूल गेले त्या घरातही तिसऱ्या दिवशी कोणीतरी चुकून हसते आणि मग सगळे दचकतात.

आता जे अजिबात चालणार नाही ते. मार्ग दाखवायचा नाही, सुचवायचाही नाही, संवादातही नाही. जागा दाखवायची नाही. चिठ्ठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि नाटक करणाऱ्यांसाठी यावर एक छोटी मार्गदर्शिका काढली आहे, ती पाचही जणांनी वाचा. त्यामागचे कारण साधे आहे. आधीच काठावर उभा असलेला प्रेक्षक पडद्यावरच्या माणसाशी स्वतःला जोडतो, आणि पडद्यावर जे तपशीलवार दिसते ते त्याला करता येण्यासारखे वाटू लागते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: संकटातून मदत घेऊन बाहेर पडलेला माणूस दिसला तर त्याचाही परिणाम होतो. म्हणून एकच एक कारण देऊ नका. परीक्षेत नापास झाला म्हणून, मुलीने नकार दिला म्हणून, पाळक रागावले म्हणून, असे सरळ गणित खऱ्या आयुष्यात नसते, आणि त्यातून दुसऱ्या नापास मुलाला भलताच निष्कर्ष मिळतो.

याहून अवघड सूचना आपल्या लोकांसाठी आहे. आपल्याकडे दफनविधी सुंदर असतो. पांढरी फुले, चार आवाजांतले गीत, ‘पुन्हा भेटू’. कॅमेऱ्याला ते फार आवडते. एकटा पडलेला, कोणी विचारत नाही असे वाटणारा मुलगा पडद्यावर पाहतो की मेल्यावर सगळी मंडळी रडते, शत्रूसुद्धा खांदा देतो, आणि वर स्वर्गाचा उजेड. हे त्याला बक्षीस वाटू शकते. शवपेटीचे दृश्य काढून टाका. नुसते लहान करू नका, काढाच. स्मशानातून परत आल्यावर अंगणात ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या कोण गोळा करतो, तिथून सुरू करा.

आणि जिवंत माणूस हवा. माझ्या मते वहीच्या गोष्टीला एक दुसरा धागा जोडा: गायनमंडळातली एक मुलगी, जी तीन रविवार आलेली नाही. तिलाही ‘अशक्तपणा’ आहे. महिला मंडळ येते, हात ठेवून प्रार्थना करते, बिस्किटांचा पुडा ठेवून जाते. त्या बायकांची टर उडवू नका, त्यांची प्रार्थना खरी असू द्या. फक्त त्यातली एक जण दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, डबा घेऊन, आणि म्हणते, ‘सिव्हिलला मानसोपचारवाल्यांची ओपीडी असते. केस पेपर मी काढते. चल.’ ती बाई म्हणजे वहीत ती ओळ लिहिणाऱ्या सेक्रेटरीबाईच असतील, तर मला पडद्यावर आणखी काही सांगायला नको.

बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया अरण्यात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला संदेष्टा आहे हा, विश्वासात कमी पडलेला कोणी नव्हे. आणि देवदूत काय करतो? उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, आणि पुन्हा एकदा उठवून खायला लावतो. प्रवास लांबचा आहे, एवढेच म्हणतो. ज्यांना वाटते की ‘विश्वास असता तर असे झाले नसते’, त्यांच्यासाठी हा अध्याय आहे. पण लघुपटात तो वाचून दाखवू नका. डबा उघडल्यावर त्यात भाकरी दिसली आणि शेजारी पाण्याचा तांब्या असला, की जुन्या बाकांवरच्या माणसांना आपोआप आठवेल. ज्यांना नाही आठवणार त्यांनाही भाकरी समजते. स्तोत्रांतले अठ्ठ्याऐंशीवेही नजरेखालून घाला. ते अंधारात संपते, शेवटी एकही ‘हालेलुया’ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या लघुपटाच्या शेवटी सगळे ठीक झाले पाहिजे असे कोणी म्हणाले, तर हे स्तोत्र पुढे करा.

चित्रीकरणाचे फार सांगत नाही, ते तुम्हाला कॉलेजात शिकवतात. मोबाइलवर करा, भाड्याचे पैसे आवाजावर घाला. चर्चमध्ये आवाज घुमतो, पंख्यांची घरघर भाषण खाते, आणि छातीवरचा माइक पदराखाली खसखसतो. पंखे बंद करून घ्या, एप्रिलमध्ये करत असाल तर तुमचे हाल होतील. रिकाम्या चर्चची शांतता दोन मिनिटे वेगळी ध्वनिमुद्रित करा. ‘अल्पशा आजाराने’ या वाक्यानंतर तीच शांतता लागेल, आणि ती दुसऱ्या खोलीतून आणता येत नाही. वीस मिनिटांचा हट्ट सोडा, बारा पुरतील.

कलाकार मंडळीबाहेरचे घ्या. आई म्हणून मंडळीतल्याच कोणाला उभे केले तर ती बाई पुढची दहा वर्षे ‘तीच’ राहील. नगरला राज्यनाट्य स्पर्धेत कामे केलेल्या चांगल्या बायका मिळतात. मात्र त्यांना दोन रविवार उपासनेला आणून बसवा. ख्रिस्ती माणूस म्हणजे गळ्यात मोठा क्रूस, हातात ग्लास आणि तोंडी गोव्याची हिंदी, ही पडद्याची जुनी खोड आहे. राहुरीच्या ख्रिस्ती घरातली आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, नऊवारी नेसते आणि ‘आमेन’ अर्धवट ओठांत म्हणते, हे कलाकाराला पाहूनच कळेल.

गीतांचा प्रश्न येईल. टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांचे शब्द केव्हाच सर्वांचे झाले आहेत. चाल कोणाची आणि ध्वनिमुद्रण कोणाचे, हा हिशेब वेगळा. यूट्यूबवरून उचललेले ध्वनिमुद्रण वापरू नका. तुमच्याच गायनमंडळाकडून गाऊन घ्या, थोडे बेसूर झाले तर उत्तम. बायबलचा उतारा पाटीवर वापरायचा झाला तर आजच्या आवृत्तीसाठी बायबल सोसायटीला विचारा. पंडिता रमाबाईंचे १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर मोकळे आहे, पण त्याची भाषा तुमच्या पिढीला अडखळायला लावेल.

शेवटचा भाग दाखवण्याचा, आणि इथे बहुतेक विद्यार्थी थकलेले असतात म्हणून चुका होतात. पहिल्यांदा आई बघेल, तिच्या घरी, लॅपटॉपवर, तुम्ही दोघे सोबत. नंतर एखादे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक. मग पाळक आणि पंचकमिटी. मंडळीला दाखवायचा तो रविवारी उपासनेनंतर नाही, कारण त्या वेळी लोकांना मटणाचे वेध लागलेले असतात आणि अर्धे उठून जातात. शनिवारी संध्याकाळी, तीस-चाळीस जणांना, आधी विषय सांगून बोलवा. ज्याला यायचे नसेल त्याला न येण्याची मोकळीक हवी. लहान मुले घरी.

फिल्म संपल्यावर लगेच दिवे लावू नका, आणि लावल्यावर माइक फिरवू नका. आपल्याला साक्ष द्यायची सवय आहे. कोणीतरी भावनेच्या भरात उभे राहून चाळीस जणांपुढे स्वतःचे असे काही सांगेल, की सोमवारी सकाळी त्याला त्याचा पश्चात्ताप होईल. त्याऐवजी मागच्या दाराशी चहा ठेवा, बाजूच्या खोलीत समुपदेशकाला बसवा, आणि हे एकदाच शांतपणे जाहीर करा. पडद्याच्या शेवटी आणि दाराशी मोठ्या अक्षरांत टेलि-मानसचा क्रमांक लावा: १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. तुम्ही स्वतः एकदा त्यावर फोन करून बघा, म्हणजे कोणी विचारले तर काय होते ते सांगता येईल. पुढचा आठवडाभर पाचांपैकी कोणाचा तरी फोन चालू राहील असे वाटून घ्या. यूट्यूबवर टाकायची घाई नको. महोत्सवांना पाठवा, पण आईने पाहिलेली तीच प्रत.

आणि तुम्ही. तुमचा मित्र गेला आहे. खर्डा वाचताना एका पानावर अक्षर बदलले आहे, तिथे कोणीतरी एकट्याने रात्री लिहिले आहे, आणि ते पान पटकथेचे नाही, पत्राचे आहे. ज्याने ते लिहिले त्याने संकलनाला बसू नये. संकलनात तोच चेहरा दिवसाला दोनशे वेळा पाहावा लागतो. त्याला आवाजाचे काम द्या, नाहीतर निर्मितीचे, आणि त्या पानावर जे आहे ते त्याने लघुपटाच्या आधी एखाद्या समुपदेशकाला वाचून दाखवावे. सोबत कोणीतरी जा.

नवा खर्डा पाठवाल तेव्हा पहिल्या पानावर शनिवारची रात्र आणि ती वही असू द्या. दुसऱ्या पानाचे मग बघू. मी रात्री नऊनंतर मोकळी असते.